कुंदाबाईचा सत्कार

दिपमालाने सुई अंगठ्यातून ओढून काढली आणि आधी दाराकडे पाहिलं, रक्ताकडे नंतर. दार लोटलेलं होतं. पलंगावर पंडित गुरुजी डोळे मिटून पडले होते. त्यांच्या दंडावर तिने आत्ताच कापूस दाबून ठेवला होता आणि त्यांना जगाची फारशी खबर नव्हती. ती बेसिनपाशी गेली, नळ पुरता सोडला आणि अंगठा पाण्याखाली धरला. दाबायचा नाही, चोखायचा नाही, स्पिरिट ओतायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्यात धुवायचा. भुसावळच्या या हॉस्पिटलात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला ती हे शिकवत आली होती. आपण सांगतो ते पाळणं किती अवघड आहे हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं, कारण तो अंगठा तिला करकचून दाबावासा आणि तोंडात घालावासा वाटत होता.

सुई टोचते कशी तेही तिला पाठ होतं. रक्त काढलं की दोन्ही हातांनी सुईला टोपण लावायला जायचं, मग कधी ना कधी टोचतेच. म्हणून टोपण लावायचंच नाही, सुई तशीच ट्रॉलीवरच्या जाड पांढऱ्या डब्यात टाकायची. हॉस्पिटलात तिला सगळे सुईची सिस्टर म्हणत, आणि सुईच्या सिस्टरने दोन्ही हातांनी टोपण लावलं होतं. ट्रॉलीवर डबा नव्हता, दुसरं काय करणार? पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलची मोठी तपासणी व्हायची होती. डबे कोरे करकरीत दिसावेत म्हणून तिनेच डॉक्टरांना सुचवून ते कपाटात बंद करून ठेवले होते. दर तपासणीच्या आधी असंच व्हायचं, आणि तपासणी होऊन गेल्यावरही डबे कपाटातून लवकर बाहेर येत नसत. तोवर मुली सुया टोपण लावून काळ्या पिशवीत टाकत, आणि पिशवी उचलताना टोपणं निघून जात. कपाटाची किल्ली या क्षणी दिपमालाच्याच खिशात होती.

पंडित गुरुजींना काय झालं होतं ते डॉक्टर बेंडाळे आणि ती, दोघांनाच ठाऊक होतं. गुरुजींना एचआयव्ही होता. जळगावच्या सरकारी केंद्रातून त्यांना रोजची गोळी मिळायची, आणि ती घेत होते तोवर ते सायकलवरून सगळं यावल पालथं घालत होते. मग बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळी सोडली. आता तोंडभर पांढरे चट्टे, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांतून धारा, आणि शिरा अशा आत गेलेल्या की रक्त काढणारीची परीक्षा. गोळी घेतली तर या आजाराचा माणूस म्हातारा होऊन मरतो आणि सोडली तर असा मरतो, एवढंच त्यातलं शास्त्र. दिपमालाने नळ बंद केला, अंगठ्यावर चिकटपट्टी लावली आणि वरून हातमोजा चढवला.

सुई टोचलेल्यालाही तीच गोळी द्यायची असते, महिनाभर. दोन तासांत पहिली पोटात गेली तर उत्तम, तीन दिवस गेले तर काही उपयोग नाही. हे सांगणारा कागद तिने स्वतःच्या हाताने प्रत्येक मजल्यावर चिकटवला होता. अशा प्रसंगासाठी गोळ्यांची एक बाटली डॉक्टरांच्या खोलीत कुलपात असायची. जाऊन सांगायचं, मला टोचली, आणि बाटली घ्यायची. इतकं सोपं होतं ते, आणि दिपमालाने गेल्या काही वर्षांत त्याची वाट लावून टाकली होती.

तिने सत्कार काढला होता. जिला सुई टोचेल तिचा सकाळच्या हजेरीला सर्वांसमोर सत्कार. ऑपरेशन थिएटरमधल्या हिरव्या कापडाची शाल, कपाळाला कुंकू, हातात नारळ, आणि दिपमालाचं दोन मिनिटांचं भाषण: आपल्या भगिनींनी आज मोठ्या धैर्याने निष्काळजीपणाचा कळस गाठलेला आहे. मुली हसून लोटपोट व्हायच्या. जिचा सत्कार असेल तीही हसायची, कारण न हसून सांगते कोणाला. मग नारळ फोडून सगळ्या खोबरं खायच्या. डॉक्टर बेंडाळेंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी जळगावच्या एका बैठकीत ती सांगितली आणि टाळ्या मिळवल्या. हसत हसत शिकवलेलं टिकतं, म्हणाले. टिकलंच. हळूहळू टोचल्याच्या तक्रारी बंद झाल्या आणि जिन्याजवळच्या फळ्यावर दर महिन्याला ठसठशीत शून्य लागू लागलं. सुया टोचायच्या थांबल्या की मुली सांगायच्या थांबल्या, हा प्रश्न दिपमालाने स्वतःला कधी विचारला नव्हता. खरं तर विचारला होता, पण उत्तर नको होतं.

शेवटचा सत्कार भूमिकाचा झाला. अमळनेरची मुलगी, नाजूक, जरा लाडाची. दिपमालाने तिचा शाल-नारळाचा फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. तो कुठून कसा फिरला कोणास ठाऊक, भूमिकाच्या होणाऱ्या सासरी पोचला. त्यांनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला, तो चांगला आला, मग सहा महिन्यांनी आणखी एक मागितला, आणि दरम्यान मुलासाठी दुसरी मुलगी पाहिली. भूमिका अजून इथेच होती. दिपमालाशी कामापुरतं बोलायची, आणि बोलताना डोळ्यांत न बघता तिच्या कपाळाकडे बघायची.

दिपमालाचं स्वतःचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलगा धुळ्याचा, चंदन नावाचा, जिल्हा परिषदेत कामाला, स्वभावाने शांत. तिला तो मनापासून आवडला होता, आणि तिशी ओलांडल्यावर मनापासून आवडेल असं कोणी भेटेल ही आशा तिने सोडून दिली होती. जळगावच्या ज्या सरकारी केंद्रात या गोळ्या मिळतात, तिथे समुपदेशनाच्या टेबलावर त्याच चंदनची थोरली बहीण नूतन बसत होती. भुसावळचे औषधवाले दुकानदार दिपमालाच्या मामाबरोबर रोज चहा प्यायचे, आणि तसंही हे औषध त्यांच्याकडे नसायचं. म्हणजे कुलपातली बाटली हवी होती, आणि ती कोणाच्या तरी नावावरच मिळणार होती.

तिला कुंदाबाई आठवली. आणि आठवल्या आठवल्या इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

कुंदाबाई हॉस्पिटलच्या मागे पत्र्याच्या खोलीत असायची. सगळ्या मजल्यांवरच्या पिशव्या तिच्याकडे उतरत. लाल, पिवळ्या, काळ्या वेगळ्या करायच्या, आणि मुलींनी नको ते नको त्यात टाकलेलं हाताने निवडून काढायचं, हे तिचं काम. साक्रीकडची बाई, नवरा विहिरीत पडून गेलेला, मूलबाळ नाही, भुसावळात एका खोलीत एकटी. वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायची. ती ठेकेदाराची माणूस होती, हॉस्पिटलची नव्हे. दिपमालाने जिना उतरता उतरताच तो हिशेब केला होता: ठेकेदाराच्या माणसाला टोचली तर फळ्यावरचं शून्य जात नाही. शिवाय हिचं मोडायला कुठलं लग्नही नाही.

दिपमालाने दार ओढून घेतलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. खोटं सांगायला वेळ नव्हता. टोचली मला आहे, तुम्ही फक्त म्हणायचं की तुम्हाला टोचली, गुरुजींच्या खोलीतल्या पिशवीतून. रक्त काढतील, गोळ्या देतील, त्या माझ्याकडे द्यायच्या. कुंदाबाई पाटावर बसून भाकरी खात होती. तिने शांतपणे घास संपवला आणि उजव्या हाताची बोटं पसरून दिपमालासमोर धरली. जुने, काळे पडलेले बारीक ठिपके होते, काही नवे होते.

"माले त्या रोज चावतस, ताई. मना कोनी सत्कार नही करा."

पहिल्या वर्षी तिने एकदा येऊन सांगितलं होतं, हे दिपमालाला आठवलं. तेव्हा आपण काय म्हणालो तेही आठवलं: नीट बघून उचलत जा. ते शब्द तिने लगेच बाजूला सारले. आज त्यांच्यासाठी वेळ नव्हता.

कुंदाबाई काही देवमाणूस नव्हती. आपली गरज लागली आहे हे तिने बरोबर ओळखलं आणि सौदा केला. तिला ही खोली नको होती. पुढे, जिथे केसपेपर काढतात, तिथे डोक्यावर पंखा असतो आणि माणसं बसलेली असतात, तिथे झाडू मारायचं काम हवं होतं. ड्यूटी दिपमालाच लावायची, तेव्हा हे कबूल करायला काहीच कष्ट नव्हते. दुसरी अट मात्र वेगळी होती. कुंदाबाईला सत्कार हवा होता. सगळ्यांसमोर, शाल, कुंकू, नारळ, जसा त्या पोरींचा होतो तसा. तो चेष्टेचा असतो हे बहुतेक तिला माहीत नव्हतं. किंवा माहीत असूनही हवा होता.

"होईल," दिपमाला म्हणाली.

मग कुंदाबाईने तिला हातमोजा काढायला लावला. भाकरीबरोबरच्या पुरचुंडीतलं चिमूटभर मीठ घेऊन तिने ते चिकटपट्टी लावलेल्या अंगठ्याभोवती फिरवलं, मुठीत आवळलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. तिच्या गावी दुखणं असं उतरवून घेतात. घेणाऱ्याने मात्र ते आपल्या नावावर घेतलं असं तोंडाने बोलावं लागतं.

"तुम्हनं दुखनं मी मना नाववर लिधं."

दिपमाला मनगटावरचं घड्याळ बघत होती.

डॉक्टर बेंडाळेंनी फार खोलात जायचं टाळलं. सुई काळ्या पिशवीत कशी आली हे विचारलं असतं तर कपाटातल्या डब्यांपर्यंत जावं लागलं असतं, आणि ते डबे त्यांनाही ठाऊक होते. बाई ठेकेदाराची आहे ना, मग आपल्या आकड्यात नाही, एवढं त्यांनी पक्कं करून घेतलं. कुलूप उघडून बाटली काढली, वर कुंदाबाईचं नाव लिहिलं आणि बाटली दिपमालाच्या हातात दिली. या बायका गोळ्या घेतो म्हणतात आणि फेकून देतात, तेव्हा तुझ्या देखरेखीखाली राहू दे, असंही बजावलं. दिपमालाने स्वतः कुंदाबाईचं रक्त काढलं. सुंदर काढलं, कुंदाबाईला कळलंसुद्धा नाही. त्यासाठी कपाटातला एक पांढरा डबा उघडला आणि सुई टोपण न लावता त्यात टाकली. मग स्टाफच्या बाथरूममध्ये जाऊन नळाच्या पाण्याबरोबर पहिली गोळी गिळली आणि भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली. वाचले, असं ती मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कार झाला. दिपमालाने हिरव्या कापडाची शाल कुंदाबाईच्या खांद्यावर घातली, कुंकू लावलं, नारळ दिला. भाषण मात्र तिला जमेना, कष्टाळू भगिनी वगैरे म्हणून तिने उरकतं घेतलं. ती उणीव मुलींनी भरून काढली. मावशी, दोन शब्द बोला, असा एकच गलका झाला. कुंदाबाईने केस चापून बसवले होते आणि इस्त्रीची साडी नेसून आली होती. तिने नारळ कपाळाला लावला आणि आपल्या भाषेत सांगितलं की इतक्या वर्षांत बठ्ठ्या म्हणजे सगळ्या पोरींचे सत्कार तिने दाराआडून पाहिले, आज मोठ्या मनाने तिला आत बोलावलं, तर देव सगळ्यांचं भलं करो. मुलींना हसू आवरेना. कोणीतरी फोटो काढला. नारळ फोडायला पुढे आलेल्या मुलीला कुंदाबाईने हटकलं, हा कोणी खायचा नाही म्हणाली, आणि पदराखाली झाकून घेऊन गेली. भूमिका एकटी हसत नव्हती. ती दिपमालाच्या अंगठ्यावरच्या चिकटपट्टीकडे पाहत होती, मग तिने नजर वळवली आणि कामाला लागली.

दुपारी डॉक्टरांनी दिपमालाला बोलावलं. टेबलावर रिपोर्ट होता. कुंदाबाईच्या रक्तात एचआयव्हीची लागण सापडली होती; खात्रीसाठी पुन्हा केलेल्या तपासणीतही तेच आलं होतं.

दिपमाला उभीच राहिली. डॉक्टर तिला बस म्हणाले आणि पंखा वाढवला. त्यांची मुद्रा सुटकेची होती. बरं झालं, आधी रक्त घेतलं, म्हणाले. कालची सुई आज रक्तात दिसत नाही, हे जुनं आहे, हॉस्पिटलचा काही संबंध नाही. उलट बाईच हुशार निघाली. आपल्याला काय आहे ते तिला ठाऊक असणार, आणि ते आपल्या गळ्यात मारायला टोचल्याचं नाटक केलं. नवरा कशाने गेला होता तिचा?

नवरा विहिरीत पडून गेला होता, तेही कैक वर्षांपूर्वी. हे दिपमालाला ठाऊक होतं. नाटक कोणाचं होतं तेही ठाऊक होतं. आणि ते काळे ठिपके कोणत्या पिशव्यांतल्या सुयांचे, त्या सुया पांढऱ्या डब्यात का गेल्या नाहीत, हे तिच्याइतकं जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. एक वाक्य बोलली असती तर निदान त्या बाईवरचा खोटेपणाचा डाग गेला असता. पण त्या वाक्याची सुरुवात 'टोचली मला' अशी होती.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

सुंठीवाचून खोकला गेला, डॉक्टर म्हणाले. ठेकेदाराला त्यांनी फोन केलाच होता, उद्यापासून तिने यायचं नाही. बाकी आपण माणुसकी सोडायची नाही. ती बाटली आहे ना, ती तिलाच देऊन टाक. आजाराच्या उपचाराचीही हीच गोळी असते, आजपासूनच सुरू होईल. पुढच्या गोळ्या जळगावच्या केंद्रात फुकट मिळतात, आयुष्यभर घ्याव्या लागतील, तिथे नाव घालायला सांग. आणि आजाराचं तूच सांग तिला, बाईमाणूस बाईला नीट सांगू शकते.

बाटली दिपमालाच्या पर्समध्ये होती, एक गोळी कमी असलेली. जिना उतरताना तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

पत्र्याच्या खोलीत कुंदाबाई आपली आवराआवर करत होती. पुढे केसपेपरपाशी कामाला जायचं म्हणून तिने जुने चिंध्यांचे हातमोजे फेकून दिले होते आणि पाट धुऊन उभा करून ठेवला होता. दिपमालाने आधी काम गेल्याचं सांगितलं. मग रक्तात काय सापडलं ते सांगितलं. तिला वाटलं होतं, ही आता आरडाओरडा करील, गळा काढील, मला फसवलं म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कुंदाबाई पाट आडवा करून त्यावर बसली. बराच वेळ पदराच्या टोकाची ती मिठाची गाठ चाचपत राहिली. तिचा चेहरा घाबरलेला होता आणि मग हळूहळू त्यात काहीतरी स्थिरावत गेलं, अवघड हिशेब एकदाचा जुळावा तसं.

"ताई, खरं सांगा. ते तुम्हनंच शे ना? मी नाववर लिधं, ते मनाकडे उनं."

दिपमालाने तोंड उघडलं. नाही, कुंदाबाई. असं होत नसतं. मिठाने काही उतरत नाही. हे तुमच्या अंगात आधीपासून आहे, आमच्या सुयांनी घातलं, मी डबे कुलपात ठेवले म्हणून. हे सगळं जिभेवर होतं. आणि कुंदाबाई तिच्याकडे इतक्या आशेने पाहत होती, की आपण मरणार तर निदान कोणाच्या तरी ऐवजी मरू, उकिरड्यातलं मरण तरी नको.

"हो," दिपमाला म्हणाली.

"मंग तुम्हनं गयं?"

"गेलं."

कुंदाबाईने मान हलवली. आता तिच्या बोलण्यात थोडा मोठेपणाही आला होता. काम गेलं तर गेलं म्हणाली, भाऊ आहे साक्रीला, भटू, तो काही टाकणार नाही. संध्याकाळच्या धुळ्याच्या गाडीने निघते. मी एका मुलीचा संसार वाचवला, हे काही लहान काम नाही, गावी गेल्यावर सांगीन सगळ्यांना. दवाखान्यात कोणी विचारलं तर तिथेही सांगीन की आमच्या दिपमालाताईचं होतं, मी घेतलं. मग तिने हात पुढे केला.

"मंग त्या गोया मन्या. द्या आठे."

दिपमाला म्हणाली, वर आहेत, घेऊन येते.

औषधांच्या खोलीत कोणी नव्हतं. तिने दार लावून घेतलं आणि पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि ते दिसत होतं हेच वाईट होतं. ही बाटली दिली तर आपली आज रात्रीची गोळी नाही. दिली नाही तर कुंदाबाई डॉक्टरांकडे जाणार. आणि जळगावचं केंद्र सांगितलं, तर कुंदाबाई जाऊन नूतनच्या टेबलासमोर बसणार आणि अभिमानाने नाव घेणार. दिपमाला खुर्चीवर बसली. तिला रडू आलं, खरंखुरं आलं, तिने ते रुमालात दाबलं. आपण वाईट माणूस नाही, असं ती स्वतःला म्हणाली. आईला विचारा, चंदनला विचारा. मग ती उठली, बाटलीतल्या गोळ्या एका पाकिटात ओतल्या आणि पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. फडताळात कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा होता, गरोदर बायकांना वाटायचा. पांढऱ्या, लांबट, साधारण तेवढ्याच मोठ्या. रिकाम्या बाटलीत तिने त्या भरल्या, काठोकाठ भरल्या, झाकण लावलं आणि कुंदाबाईचं नाव पुढे येईल अशी बाटली धरून खाली उतरली. तिचा हात स्थिर होता.

कुंदाबाई मागच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. रस्त्यावरून केळीचे ट्रक स्टेशनकडे चालले होते, त्यांच्या आवाजात दोघींना जरा जवळ उभं राहावं लागलं. तिने बाटली घेतली, हलवून पाहिली, एक गोळी काढून तळहातावर ठेवली आणि नळावर जाऊन ओंजळीने पाणी पिऊन गिळली. इतकी मोठी गोळी म्हणजे औषध जालीम असणार, असं तिचं मत पडलं. मग तिने बाटली पोलक्यात खोचली आणि पुढचं विचारलं. या संपल्या की काय करायचं?

"संपल्या की झालं," दिपमाला म्हणाली. "मग बरं वाटेल."

ते कुंदाबाईला पटलं. तिने दिपमालाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. लग्नाला बोलवा म्हणाली, बोलावलं नाही तरी चालेल म्हणाली. दिपमाला तिला आता जा म्हणणार होती, गाडी चुकेल म्हणणार होती. पण कुंदाबाई दोन पावलं जाऊन परत वळली.

"एखादी चुकनी ते चाली का?"

"नाही," दिपमाला म्हणाली. इतक्या वर्षांची सवय होती, उत्तर आपोआप आलं, आणि आवाजही तोच, नव्या मुलींना शिकवतानाचा. "एकही चुकवायची नाही. रोज, ठरलेल्या वेळी. रात्री जेवण झाल्यावर लगेच."

तिने स्वतःच्या गोळ्यांसाठी ठरवलेली वेळ तीच होती. कुंदाबाईने पिशवी खाली ठेवली, डोळे बारीक केले आणि विसरायला नको म्हणून तिच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं.